पुदिन्याचा वाफा आणि मे महिना
(केंद्र शिक्षण परिषदेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय पुदिना हा आहे. ज्या परिषदेत वाचन, लेखन व गणित यांचा विचार व्हावयाचा, तेथे चटणीच्या पाल्यासाठी अर्धा तास खर्च करावा काय, अशी शंका कोणाच्या मनात आल्यास ती स्वाभाविकच म्हटली पाहिजे. परंतु शाळेच्या परसबागेची आज जी अवस्था आहे तिचा उलगडा या एका क्षुद्र वाटणाऱ्या वनस्पतीच्या साहाय्याने जितका सहज होतो, तितका मोठ्या योजनेच्या चर्चेने होत नाही.

शाळेला बाग असावी ही कल्पना नवी नव्हे. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या कामाभोवती प्राथमिक शिक्षणाची उभारणी करण्याचा विचार मांडला, आणि बुनियादी शाळांतून सूतकताईबरोबर बागकामही आले. पुढे २०१९ मध्ये केंद्र शासनाने शालेय पोषण बागेसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. दुपारच्या भोजनास लागणारा भाजीपाला काही अंशी तरी शाळेच्या आवारातच पिकावा, हा त्यांतील हेतू. सूचना चांगल्या, हेतू त्याहून चांगला. तथापि पुष्कळ गावी चित्र असे दिसते की, जुलै महिन्यात उत्साहाने वाफे बांधले जातात, ऑगस्टात ते हिरवेगार होतात, त्यांची छायाचित्रे घेतली जातात, आणि मे महिन्यात त्या जागी कोरडी माती उरते. जूनमध्ये पुन्हा नव्याने आरंभ. असे तीन-चार वेळा झाले म्हणजे शिक्षकाचा उत्साह मावळतो. याहून मोठी हानी अशी की, आपण लावलेले जगत नाही, हा धडा मूल न शिकविता शिकते.

एका दोनशिक्षकी शाळेतील हकीगत या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथील मुख्याध्यापक कष्टाळू आणि बागेचे हौशी होते. त्यांनी हातपंपाजवळ पुदिन्याचा एक लहान वाफा केला, भोवती काट्यांचे कुंपण घातले आणि ‘पाने तोडू नयेत’ अशी पाटी रोवली. मुलांनी पाणी घालावे, तण काढावे. मात्र पानास हात लावू नये, असा दंडक होता. एके दिवशी चौथीतील एका मुलीच्या हाती पुदिन्याची डहाळी आढळली. मुख्याध्यापकांनी तिला वर्गासमोर उभे केले. “गुरुजी, म्या तोडली न्हाई, पडली व्हती,” एवढेच ती म्हणाली. तिचे म्हणणे कोणी खरे धरले नाही. डहाळी मात्र तिने टाकून दिली नाही. ओच्यात घालून घरी नेली.

वाफ्याचे पुढे काय झाले? पाने न तोडल्यामुळे पुदिना दाट झाला नाही. काड्या उंच व विरळ वाढल्या, एकमेकींवर कलंडल्या, खालची पाने पिवळी पडली आणि थंडीच्या दिवसांत त्यांवर तांबेरा आला. ज्या पाटीने त्या झाडाचे रक्षण करावयाचे, तिनेच त्याची हानी केली. उरलेले काम उन्हाळ्याच्या सुट्टीने केले.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी प्रथम ही वनस्पती नीट पाहिली पाहिजे. पुदिना तुळशीच्या कुळातला. मुलांना त्याची एक काडी दोन बोटांत धरून फिरविण्यास सांगावे. ती गोल नसून चौकोनी आहे हे त्यांच्या बोटांनाच कळेल. मग अंगणातील तुळशीची कोवळी काडी तशीच फिरवून पाहावी. पाने दोन-दोनच्या जोडीने समोरासमोर येतात, आणि वरची जोडी खालच्या जोडीला आडवी असते. प्रत्येक पान जेथे खोडास मिळते तेथे बगलेत एक सूक्ष्म डोळा असतो. शेंड्याची वाढ जोरात चालू असेपर्यंत हे खालचे डोळे बहुधा निद्रिस्त राहतात. शेंडा खुडला म्हणजे त्याच्या खालच्या जोडीचे दोन्ही डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या जागी दोन फांद्या येतात. त्या दोन्ही खुडल्या की चार. यास्तव पुदिन्याच्या बाबतीत तोडणी आणि जोपासना या दोन निरनिराळ्या गोष्टी नाहीत. योग्य रीतीने तोडणे हीच त्याची जोपासना होय.

दुसरा विशेष त्याच्या पसरण्यात आहे. पुदिन्याची काही खोडे उभी न वाढता मातीलगत किंवा मातीखाली आडवी धावतात. त्यांच्या गाठीगाठींवर खाली मुळे आणि वर कोंब फुटतो. लागवडीसाठी बियांची गरज पडत नाही. बियांपासून आलेले रोप मूळ रोपासारख्याच वासाचे निघेल याचा भरवसाही नसतो. एक वीतभर आडवे खोड तोडून त्याचे दोन तुकडे केले तर दोन नवी रोपे होतात, आणि ती दोन्ही गुणाने मूळ रोपासारखीच असतात. वाटल्याने न घटणारी अशी ही संपत्ती आहे. पुढील योजनेचा सारा आधार या एका गुणधर्मावर आहे.

पहिली लागवड करण्यास खर्च जवळजवळ नाही. आठवड्याच्या बाजारातून ताज्या पुदिन्याची एक जुडी आणावी. तीतील जाड, निरोगी, वीतभर लांबीच्या काड्या निवडाव्यात. वरची दोन-तीन जोड पाने ठेवून खालची काढून टाकावीत आणि काड्यांची खालची टोके पेल्यातील पाण्यात बुडवून पेला वर्गाच्या खिडकीत, परंतु थेट उन्हात न येईल असा ठेवावा. एक दिवसाआड पाणी बदलावे. साधारणपणे आठ ते पंधरा दिवसांत गाठींतून पांढरी मुळे निघतात. काचेचा पेला घेतल्यास पहिलीच्या मुलालाही मूळ वाढताना दिसते. चित्रावरून मूळ शिकविणे आणि रोज सकाळी ते किती वाढले हे पट्टीने मोजणे, यांतील अंतर कोणा शिक्षकास सांगावयास नको.

मुळे बोटभर झाली की रोपे मातीत लावावीत. मुळे उथळ असल्यामुळे भांडे खोल असण्यापेक्षा पसरट असावे. तळाला भोके पाडलेला तेलाचा डबा आडवा कापून, फुटकी बादली किंवा मातीचे तसराळे, काहीही चालते. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग वाळू असे मिश्रण करावे. काळी चिकण माती पाणी धरून ठेवते. तेथे वाळूचे प्रमाण थोडे वाढवावे. आडव्या खोडाचे तुकडे मिळाल्यास ते आठ-दहा सेंटीमीटर लांबीचे करून चार-पाच सेंटीमीटर खोलीवर आडवे पुरावेत. वाफ्यात दोन रोपांमध्ये सुमारे ३० सेंटीमीटर अंतर ठेवावे. पुदिना इतर भाज्यांच्या वाफ्यात मोकळा सोडू नये. एका वर्षात तो शेजाऱ्यांची जागा बळकावतो. वाफ्यातच लावावयाचा असल्यास तळ काढलेला डबा जमिनीत पुरून त्यात लावावा.

जागा अशी निवडावी की, सकाळचे चार-पाच तास ऊन मिळेल आणि दुपारी सावली पडेल. माती सदैव ओलसर असावी, परंतु चिखल नसावा. पाणी तुंबले तर मुळे कुजतात. बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे, ओल लागली नाही तर पाणी द्यावे. हा नियम मुलांना वेळापत्रकापेक्षा अधिक चांगला समजतो. कोकणातील मुसळधार पावसात डबे पागोळीखालून दूर ठेवावेत. तांदूळ, डाळ व भाज्या धुतलेले पाणी या झाडास उत्तम. साबणाचे किंवा गटाराचे पाणी मात्र देऊ नये, कारण याची पाने पुष्कळदा कच्चीच खाल्ली जातात.

रोगांपैकी तांबेरा ओळखण्यास सोपा आहे. पानाच्या खालच्या बाजूस नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या दिसतात. अशा काड्या मातीलगत कापून जाळाव्यात, खतात टाकू नयेत, आणि रोपे विरळ करून वारा खेळू द्यावा. पाने गुंडाळणारी अळी दिसल्यास ती मुलांच्या साहाय्याने हातानेच वेचावी. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन जातो. शाळेच्या या वाफ्यावर कोणतेही विषारी औषध फवारू नये.

आता मुख्य गोष्ट तोडणीची. रोप एक वीत उंच झाले, म्हणजे लागवडीपासून सुमारे दीड-दोन महिन्यांनी, पहिली खुडणी करावी. दव उडून गेल्यावर, परंतु ऊन तापण्यापूर्वी, ही वेळ उत्तम. कारण पुदिन्याचा वास पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतील तेलाचा असतो आणि ते तेल उन्हात उडून जाते. एकेक पान ओरबाडू नये. काडी पानांच्या जोडीच्या लगेच वर, नखाने किंवा कात्रीने छाटावी आणि खाली किमान दोन-तीन जोड्या शिल्लक ठेवाव्यात. एका वेळी रोपाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक घेऊ नये. अशी खुडणी दर पंधरवड्यास चालू शकते. कळ्या दिसू लागल्यास त्या खुडाव्यात, कारण फुलोऱ्यानंतर पाला जून व राठ होतो. रोप फारच लांबट झाले असेल तर ते मातीपासून तीन-चार बोटांवर सरसकट कापावे, वर मूठभर खत पसरावे व पाणी द्यावे. काही दिवसांतच खालून नवे दाट फुटवे येतात. खुडणीचा पाला अधिक असल्यास तो सावलीत वाळवून हवाबंद बरणीत भरावा.

तिसरा हिस्सा म्हणजे किती, हे चौथीच्या मुलास फळ्यावर पुष्कळदा कळत नाही. नऊ फांद्यांच्या रोपापुढे त्यास बसवावे आणि किती फांद्या तोडता येतील ते विचारावे. तीन, हे उत्तर तो स्वतः शोधतो, आणि तीनच का याचे कारणही त्यास तेथेच मिळते. अपूर्णांकाच्या उत्तरावर एखाद्या रोपाचे जगणे अवलंबून आहे असे समजल्यावर मुले ज्या काळजीने हिशेब करतात, ती काळजी वहीत क्वचित आढळते.

पाला शाळेतच खपावा. दुपारच्या भोजनातील खिचडीबरोबर पुदिना, कोथिंबीर, मीठ, जिरे आणि थोडे शेंगदाणे यांची चटणी, उन्हाळ्यात कैरी घालून, मुले आवडीने खातात. पाने स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्यावीत. येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. पुदिन्यात लोह व इतर उपयुक्त द्रव्ये असली तरी पोटात जाणारा पाला चमचा-दोन चमच्यांचाच. मेथी, पालक व शेवग्याची जागा तो घेऊ शकत नाही. त्याचे काम जेवणास रुची आणण्याचे. तसेच ताजा पाला हे अन्न होय. बाजारात मिळणारे पुदिन्याचे तेल वा अर्क हे तीव्र पदार्थ असून ते लहान मुलांना देऊ नयेत, हे पालकांनाही सांगावे.

तोडलेली डहाळी मेलेली नसते, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात एकदा फार महत्त्वाची ठरली आहे. इंग्लंडमधील जोसेफ प्रीस्टली, ज्यांनी आयुष्याची काही वर्षे शिक्षकाचेच काम केले होते, यांनी १७ ऑगस्ट १७७१ रोजी मेणबत्ती जळून विझलेल्या कोंडलेल्या हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेवली. अशा हवेत दुसरी ज्योत टिकत नाही हे त्यांस माहीत होते. दहा दिवसांनी, २७ ऑगस्ट रोजी, त्याच हवेत दुसरी मेणबत्ती नीट जळाली. वनस्पती दूषित हवा पुन्हा ताजी करतात, या शोधाचा आरंभ असा पुदिन्याच्या डहाळीपासून झाला. ऑक्सिजनची ओळख त्यावेळी जगाला झालेली नव्हती. पुढे १७७९ मध्ये यान इंगेनहाऊस यांनी दाखविले की, हे कार्य वनस्पतीचे हिरवे भाग करतात आणि तेही केवळ प्रकाशात. प्रकाशसंश्लेषणाचा पाठ खिडकीतील पेल्यापाशी उभे राहून ही गोष्ट सांगून सुरू केल्यास, त्या अवघड शब्दाची भीती पुष्कळशी ओसरते.

आता प्रश्न मे महिन्याचा. शाळा बंद, आवार निर्मनुष्य, पाण्याची टंचाई. शिपायावर किंवा शेजारच्या घरावर भिस्त ठेवून बाग वाचत नाही, हा पुष्कळांचा अनुभव आहे. पुदिन्याच्या बाबतीत उपाय त्याच्या स्वभावातच आहे. सुट्टीपूर्वी बाग शाळेत ठेवण्याऐवजी ती गावात वाटून टाकावी. मार्चच्या मध्यास आडव्या खोडांचे तुकडे लहान डब्यांत लावावेत. एप्रिलच्या अखेरीस ते मूळ धरतात. प्रत्येक मुलाने आपल्या नावाचा डबा घरी न्यावा. घरातील घडवंचीखालची जागा त्यास सर्वांत चांगली, कारण माठातून झिरपणारे पाणी तेथे दिवसभर ठिबकते आणि थंडावाही असतो. रोज काही वेळ डबा सकाळच्या उन्हात ठेवला म्हणजे पुरे. जूनमध्ये शाळा उघडली की प्रत्येकाने एकच तुकडा परत आणावा. मूळ रोप त्याच्या घरीच राहावे. तीस डब्यांपैकी दहा जगले तरी शाळेचा वाफा पुन्हा भरतो, आणि दहा घरी परसबागेचा आरंभ होतो तो वेगळाच. जुनी गर्दी झालेली रोपे दरवर्षी अशी विभागली जाणे पुदिन्यासही हितकारक असते.

यात दोन गोष्टींची काळजी घ्यावी. ज्याचे रोप वाळले त्यास बोल लावू नये. कोणत्या घरी ते कसे जगले आणि कोठे का वाळले, याची वर्गात चर्चा करावी. वाळलेल्या रोपाची हकीगतही नोंदवहीत जगलेल्या रोपाइतक्याच आदराने लिहावी. दुसरी गोष्ट ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांची. दिवाळीच्या सुमारास ती गाव सोडतात. त्यांच्या नावाचा डबा शाळेत तसाच राहावा आणि सोबत्याने त्यास पाणी घालावे. परत आलेल्या मुलास हजेरीपटावरील नावाबरोबर आपले हिरवे झाडही वाट पाहत असलेले दिसले, तर शाळा आपली आहे हे त्यास निराळे सांगावे लागत नाही.

वर सांगितलेल्या हकीगतीचा शेवट येथेच सांगणे उचित होईल. त्या शाळेचा वाफा मे महिन्यात वाळला. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुख्याध्यापक कुंपणाचे काटे उपसत असता ती मुलगी, आता पाचवीत गेलेली, एक डबा कडेवर घेऊन आली. डब्यातून पुदिना चारी बाजूंनी खाली ओघळत होता. ओच्यातून घरी नेलेली ती डहाळी तिच्या आजीने पेल्यात ठेवली होती, मुळे फुटल्यावर डब्यात लावली होती, आणि सारा उन्हाळा ती घडवंचीखाली होती. घरची मंडळी चटणीसाठी तिचा पाला दर आठवड्यास खुडत असत. “आजीनं सांगितलं, शाळंचं हाय, शाळंत देऊन ये,” मुलगी म्हणाली.

मुख्याध्यापकांनी डबा हाती घेतला. तिला वर्गासमोर उभे केले होते त्याच वर्गापुढे, त्यांनी त्या दिवशी आपले चुकले असे मोकळेपणाने सांगितले. नंतर पाटी उपटली. त्या डब्यातील आडव्या खोडांचे तुकडे मुलांनीच केले आणि मुलांनीच पुरले. तोडणीचे काम आता त्या शाळेत पाळीपाळीने मुलांकडे असते, आणि नव्याने आलेल्या मुलास खाली किती पाने ठेवावयाची ते जुनी मुले शिकवितात.

बंधुभगिनींनो, येत्या मार्चमध्ये ज्या शाळांत पुदिन्याचा वाफा असेल त्यांनी त्याचे तुकडे करण्यास आरंभ करावा. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी शेजारच्या शाळेकडून चार काड्या मागून घ्याव्यात. मागितल्याने देणाऱ्याचे काही कमी होत नाही. जून महिन्यात किती डबे परत आले, त्याची नोंद प्रत्येक शाळेने ठेवावी व पुढील परिषदेस येताना ती सोबत आणावी.